मोजून उचललेलें ओझें

खामगांवकरांस ओझें उचलणारा माणूस कांहीं नवा नाहीं. ज्या कापसासाठीं १८७० सालीं जलंबहून येथवर रेल्वेचा फांटा आणला गेला, त्या कापसाच्या पेठेंत सरकीचीं पोतीं आणि धान्याचे कट्टे पाठीवर वाहणारे हमाल पाहतच आम्ही लहानाचे मोठे झालों. तेव्हां पदरचे पैसे मोजून वजनें उचलावयास जाणें ही कल्पना आमच्या घरांतील वडील मंडळींस चमत्कारिक वाटली, यांत नवल तें कोणतें?

गेल्या दिवाळींत धाकट्या बंधूंच्या चिरंजीवांनीं व्यायामशाळेंत नांव घालण्याची परवानगी मागितली. मुलगा सोळा वर्षांचा. फराळाचीं ताटें बाजूस राहिलीं आणि बैठकीच्या खोलींत सभाच भरली. काका म्हणाले, "हमालीच करावयाची तर बाजारांत कर, संध्याकाळीं चार पैसे तरी घरीं येतील." मातोश्रींस भय वाटलें कीं, वजनाखालीं पोराची उंची खुंटेल. त्याच्या आईला परीक्षेची काळजी. शेवटीं सर्वांच्या नजरा आमच्याकडे वळल्या. कारण ह्या विषयांत घरांतील एकुलता एक जखमी माणूस म्हणजे आम्ही!

आम्ही सतरा वर्षांचे असतांना, मित्रांच्या टाळ्यांसाठीं, एका आखाड्यांत नाल उचलावयास गेलों होतों. नाल म्हणजे आंत मूठ कोरलेला जड दगड. पाठ वांकवून, श्वास कोंडून, एका झटक्यांत आम्हीं तो ओढला. नाल गुडघ्यापर्यंत आला, टाळ्याही पडल्या. पण कमरेंत अशी उसण भरली कीं, पुढले तीन आठवडे अंथरुणावर गेले. दोष त्या आखाड्याचा नव्हता. तेथील वस्तादांनीं आम्हांस वर्षभर जोर आणि बैठका काढावयास सांगितलें होतें. तेवढा धीर आमच्यापाशीं नव्हता, इतकेंच.

हमाली आणि व्यायाम यांतील भेद ह्या फजितीनेंच आम्हांस शिकविला. हमालाचें ओझें बाजार ठरवितो. त्याची कंबर दुखली म्हणून पोतें हलकें होत नाहीं, आणि तो दमला म्हणून गाडी थांबत नाहीं. व्यायामाचें ओझें उचलणारानें स्वतः ठरवावयाचें असतें. तें मोजावयाचें, झेपेल तेवढेंच घ्यावयाचें, मध्यें विश्रांति द्यावयाची आणि मग रतीरतीनें वाढवावयाचें. मोजमाप आणि विश्रांति काढून टाकली कीं व्यायामाची हमालीच होते!

आपल्या तालमींस हें तत्त्व अनोळखी नव्हतें. नव्या पोरास आधीं जोर-बैठका, मग मुद्गलांची हलकी जोडी, आणि अंग तयार झाल्यावरच जड, असा क्रम तेथें असे. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते म्हणून आपणांस ठाऊक आहेत. परंतु तरुणपणीं त्यांनींही युजेन सँडोच्या पद्धतीचा व्यायाम केला होता. तेव्हां वजनें हीं नमस्कारांचीं वैरी आहेत, असें मानण्याचें कारण नाहीं.

ह्या क्रमास शास्त्राची बैठक मिळाली ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत. टॉमस डीलॉर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टरांकडे पाय दुखावलेले सैनिक येत. मनुष्य जें वजन कसेंबसें दहा वेळां उचलूं शकतो तें प्रमाण धरावें. आधीं त्याच्या निम्मे, मग पाऊणपट आणि शेवटीं पुरें, असें दहा-दहा वेळां उचलावें, आणि शक्ति वाढेल तसें प्रमाण वाढवावें, अशी त्यांची पद्धति पुढें स्थिर झाली. स्नायूंस नेहमींपेक्षां थोडें अधिक काम पडलें कीं विश्रांतीच्या काळांत ते स्वतःस त्या कामाजोगे करून घेतात. पहिल्या कांहीं आठवड्यांत मात्र स्नायूंपेक्षां मज्जातंतूच अधिक शिकत असतात. म्हणूनच दंड न फुगतां जोर वाढतो, आणि आरशासमोर उभा राहणारा तरुण उगाच निराश होतो.

नवशिक्यानें आरंभ घरींच करावा. एक लिटर पाण्याचें वजन एक किलो. तेव्हां पाण्याची बाटली आणि बादली हींच आपलीं वजनें. खुर्चीवर बसून हात न टेकतां उठणें. भिंतीस किंवा टेबलास हात लावून जोर काढणें. बाटल्या खांद्यापासून डोक्यावर नेणें. पुढें वांकून भरलेली पिशवी पोटाकडे ओढणें. आणि बादली जमिनीवरून उचलून दहा-वीस पावलें चालणें, एवढ्या पांच क्रियांत सर्वांगाचें काम होतें. बादली उचलतांना ती पायांजवळ घ्यावी, गुडघे आणि जांघा मोडाव्या, पाठ सरळ ठेवावी. उचलतांना श्वास सोडावा, कोंडूं नये. प्रत्येक क्रिया आठ ते बारा वेळां, दोन आवर्तनें. आणखी दोन वेळां सहज जमेल असें वाटत असतांनाच थांबावें. आठवड्यांतून दोन-तीन दिवस पुरेत. मध्यें एक दिवस मोकळा असावा. लागोपाठ दोन खेपांस बारा वेळां सहज झालें, तरच अर्धा-एक किलो वाढवावा.

व्यायामशाळेंत जाणारानें ध्यानांत ठेवावें कीं, तेथील मोठी लोखंडी दांडी बहुधा नुसतीच वीस किलोंची असते. दुसऱ्या दिवशीं अंग ठणकलें तर भिऊं नये. परंतु सांध्यांत कळ निघाली तर तत्काळ थांबावें. रक्तदाब, हृदयविकार, अंतर्गळ किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल, तर आधीं डॉक्टरांस विचारावें. मातोश्रींची शंकाही येथेंच फेडूं : जाणत्याच्या देखरेखीखालीं बेताच्या वजनानें केलेल्या व्यायामानें मुलांची उंची खुंटते, यास आधार सांपडलेला नाहीं.

आहाराविषयीं डब्यांतील महागड्या भुकट्यांचा मोह नको. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणें निरोगी प्रौढास वजनाच्या दर किलोस ०.८३ ग्रॅम प्रथिनें लागतात. म्हणजे साठ किलोंच्या माणसास सुमारें पन्नास ग्रॅम. व्यायाम करणारास थोडीं अधिक लागतील. वरण, उसळ, दूध, दहीं आणि मूठभर शेंगदाणे यांनीं तीं भरून निघतात. मात्र भातावर वरण नुसतें दिसण्यापुरतें नसावें!

हा विषय एकट्या तरुणांचा आहे, असेंही नव्हे. १९९० सालीं बोस्टन येथें नव्वदीच्या घरांतील दहा अशक्त वृद्धांस आठ आठवड्यांचा वजनांचा व्यायाम देऊन पाहिला. नऊ जणांनीं तो पुरा केला, आणि त्यांच्या मांड्यांची शक्ति सरासरीनें १७४ टक्क्यांनीं वाढली. स्त्रियांविषयीं म्हणाल, तर २००० सालीं सिडनीच्या ऑलिंपिकमध्यें करनाम मल्लेश्वरी यांनीं भारतीय स्त्रीचें पहिलें ऑलिंपिक पदक मिळविलें, तें वजन उचलूनच. सांगलीच्या एका पानवाल्याचे चिरंजीव संकेत सरगर यांनीं २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेंत दोन प्रकार मिळून २४८ किलो उचलून रौप्यपदक घेतलें. सुवर्ण एका किलोनें हुकलें, आणि अधिक वजनाच्या प्रयत्नांत कोपर दुखावला. तो शेवटचा किलो स्पर्धकांचा. आपण संसारी माणसांनीं त्याच्या फार अलीकडे थांबावें.

अखेर परवानगी मिळाली, पण एका अटीवर. ज्या वहींत घरचा जमाखर्च लिहिला जातो, तशीच एक वही ह्या कामीं ठेवावयाची : तारीख, क्रिया, वजन, किती वेळां. हल्लीं त्या वहींत पुतण्याच्या नांवाखालीं आणखी एक खातें उघडलें आहे, तें मातोश्रींचें. पूर्वीं जातें आणि पाण्याचे हंडे त्यांच्याकडून जें करवून घेत, तें नळानें आणि गिरणीनें कधींच बंद केलें. जमिनीवरून उठतांना त्यांस कोणाचा तरी हात लागे. पहिल्या दिवशींची नोंद आहे, "खुर्चीवरून उठणें, हात टेकून, तीन वेळां." परवांची नोंद आहे, "हात न टेकतां, नऊ वेळां."

काकांनीं ती वही चष्मा लावून वाचली आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं, कोणी पाहत नाहीं असें समजून, पाण्याची बाटली हातांत घेतली. आम्हीं अर्थातच कांहीं पाहिलें नाहीं.