आधीचं विमान

जुलै संपत आलाय. अहेरीच्या बसस्टँडजवळच्या ऑनलाइन सेंटरात पाय ठेवायला जागा नाही. पीक विम्याची मुदत तोंडावर आहे, म्हणून सातबारा, आधार, पासबुकाच्या झेरॉक्सी छातीशी धरून दहा-बारा जण ताटकळताहेत. बाहेर धो धो पाऊस, आत ओल्या छत्र्यांचा कुबट वास. दाराशी एक जण फोनवर तेलुगूत कुणाला तरी झापतोय. प्राणहिता ओलांडली की तेलंगणच, त्यामुळे इथे तेलुगूकडे कुणी वळून बघत नाही. मी विजेचं बिल भरायला आलोय आणि पाऊण तासापासून माझा नंबर 'आता लागतोच' आहे.

"दादा, हा मेसेज पाहा ना जी." एक मुलगी मोबाइल पुढे करते.

सेंटरवाला चष्मा कपाळावर सरकवून वाचतो. उद्याचं नागपूर-पुणे विमान. रात्री सव्वानऊला सुटायचं होतं, ते आता साडेबाराला सुटेल म्हणे. खाली दोन बटणं, 'मान्य' आणि 'बदला'.

"परवा सकाळी नऊले हजर व्हा लागते. दवाखान्यात नर्सची नोकरी लागली, पहिलाच दिवस हाय," ती सांगते. रेल्वेचं वेटिंग सरकलं नाही म्हणून विमान. "रात्री दोन वाजता पुण्यात उतरून मी जाऊ कुठं?"

तिच्यामागे तिचा बाप उभा आहे. बांधीतून सरळ आलेला. पोटऱ्यांवरचा चिखल वाळून पांढरा पडलाय. "रोवणं अर्धं टाकून आलो," तो कुणालाच उद्देशून नाही असं म्हणतो.

"आधीचं भेटते का पाहा ना."

सेंटरवाला दुसऱ्या खिडकीत उद्याची विमानं उघडतो. दुपारी एकचं आहे. पण आज काढायला गेलं तर मुलीच्या तिकिटापेक्षा चार हजारांनी महाग. आकडा बघून बाप दाराकडे वळतो.

"थांबा ना मामा." सेंटरवाला मेसेजमधलं 'बदला' दाबतो. चक्र फिरतं. रेंज जाते, येते. विमेवाल्यांपैकी दोघे आता माना पुढे काढून बघताहेत; विमा गेला तेल लावत. शेवटी पान उघडतं. बदल शुल्क ०. भाड्यातील फरक ०. एकूण ०.

"फुकट?" बापाला ते खरं वाटत नाही.

"तुम्ही आपल्या मनानं बदललं असतं तं बदलाचे पैसे वेगळे, भाड्याचा फरक वेगळा. इथं वेळ त्यायनंच बदलवली. मंग त्यायले देणं आलं. पण पोरीनं 'मान्य' दाबून टाकलं असतं तं बसलो असतो बोंबलत."

माणूस बरोबर बोलतोय. विमान वाहतुकीवर नजर ठेवणाऱ्या डीजीसीएने तिकीट काढल्यावर थोडे तास बदलाची मुभा दिलीय, पण भाड्याचा फरक तिथेही सुटत नाही. अमेरिकेत युनायटेड एअरलाइन्सने २०२१ पासून, जागा असेल तर त्याच दिवसाच्या आधीच्या विमानात फुकट बसू द्यायला सुरुवात केली. शिकागोतला माझा भाचा एकदा तसा दोन तास आधी घरी पोचला, तर आठवडाभर तेच सांगत होता. स्टँडबाय म्हणतात त्याला. आपल्या लाल गाडीला असं काही नाव नाही. आली ती गाडी, चढा.

"दाबू?" सेंटरवाल्याचं बोट माउसवर थांबलंय.

बाप स्क्रीनकडे बघतच नाही. तो बाहेर बघतोय, स्टँडकडे. बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजतोय. एकचं विमान म्हणजे साडेअकराच्या आत विमानतळावर. नागपूर पावणेतीनशे किलोमीटरच्या वर. पहाटेची गाडी धरली तरी आलापल्लीपासून सुरजागडच्या खनिजाचे ट्रक, पुढे खड्डे, पुढे आष्टीचा वैनगंगेवरचा पूल. सेंटरवाला फोनवर ग्रुप बघून सांगतो, "गोसीखुर्द धरणाचं पाणी सोडलं म्हणते. पूल आज चालू हाय."

उद्याचं कुणीच बोलत नाही.

"मंग आजच निघा लागन," बाप म्हणतो. पावणेतीनची चंद्रपूर गाडी, तिथून नागपूर, रात्री साळीकडे मुक्काम. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झालीत. त्या तीन शून्यांत रोवणीचे दोन दिवस कुठे धरलेले नाहीत, पण ते विचारायचं कुणाला?

"दाब बाबू."

मुलगी एव्हाना फोनवर आहे. "आई, बॅग भर. आत्ता. नाही, उद्या नाही... ते राहू दे, भिजलं असन तं पिशवीत टाक. कोपऱ्यावर ये."

बापाला मोबाइलमधलं तिकीट चालत नाही, कागद हवा. प्रिंटर दोनदा कागद गिळतो, तिसऱ्यांदा सोडतो. सेंटरवाला दहा रुपये मागतो.

"विमान फुकट अन् कागदाले दहा?"

सगळे हसतात, मुलगीसुद्धा. बाप कनवटीची दहाची नोट काढून देतो. तीही ओली.

माझं बिल राहतं बाजूला. मी त्यांच्यामागे पत्र्याखाली येतो. गाडी लागलेली आहे. वाहक तिकीट फाडतो, "चंद्रपूर, एक पूर्ण, एक अर्धं." मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे इथे मुलगी बापापेक्षा स्वस्तात चाललीय. ती खिडकीशी बसते, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला कागद मांडीवर. बाप पायरीवर उभा राहून पावसाच्या धारेत पोटऱ्या धुऊन घेतो.

घंटी दोनदा वाजते. गाडी स्टँडाबाहेर वळते आणि कोपऱ्यावर हळू होते. डोक्यावर युरियाचं पोतं पांघरलेली एक बाई एका हातात बॅग, दुसऱ्या हातात डबा घेऊन रस्त्याच्या मध्येच उभी आहे. तिथे थांबा नाही. चालक ब्रेक मारतो.