पदवीनंतरचे मैदान

महाविद्यालयीन क्रीडास्पर्धा आटोपल्या की विजेत्यांची छायाचित्रे आमच्याकडे येतात आणि आम्ही ती कौतुकाने छापतो. पुढे तोच खेळाडू पदवी घेऊन नोकरीस लागतो आणि मैदानाशी त्याचा संबंध सुटतो. हे अटळच आहे, असे आपण मानून चाललो आहोत. अमेरिकेचा थाळीफेकपटू ॲल ऑर्टर याची कारकीर्द पाहता हा समज टिकत नाही.

कन्सास विद्यापीठात शिकत असताना, विसाव्या वर्षी, त्याने १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ५६.३६ मीटर थाळी फेकून सुवर्णपदक पटकावले. १९५७ साली एका मोटार-अपघातात तो जेमतेम बचावला. विद्यापीठ सुटल्यावर विमाने बांधणाऱ्या ग्रमन कंपनीत त्याने संगणकाचे काम पत्करले. त्या काळी ऑलिंपिक केवळ हौशी खेळाडूंचे होते. थाळीवर पोट भरत नसे. नोकरी सांभाळून त्याने सराव चालू ठेवला आणि १९६० साली रोमला ५९.१८, १९६४ साली टोकियोला ६१.००, तर १९६८ साली मेक्सिको सिटीला ६४.७८ मीटर अशी फेक करून आणखी तीन सुवर्णपदके मिळवली. या चारही स्पर्धांच्या वेळी विश्वविक्रम दुसऱ्याच कोणाच्या नावावर होता. टोकियोत तर बरगडीची कूर्चा फाटलेली असताना, वैद्यांचा सल्ला बाजूस सारून तो मैदानात उतरला. १९८० साली, त्रेचाळिसाव्या वर्षी, त्याने अमेरिकेच्या निवड-चाचणीत चौथा क्रमांक मिळवला आणि त्याच वर्षी ६९.४६ मीटर ही आयुष्यातील सर्वांत लांब फेक केली. म्हणजे विद्यार्थिदशेतील यश हा त्याच्या उत्कर्षाचा केवळ आरंभ होता.

ऑर्टरसारखी जिद्द कोणाला शिकवून येत नाही, हे आम्हांस मान्य आहे. परंतु जिद्दीलाही उभे राहण्यास जागा लागते. आपल्याकडे रेल्वेत वा सेनादलांत प्रवेश मिळालेल्या मोजक्यांची सोय होते. बँकेत, शाळेत वा कचेरीत रुजू झालेल्या गोळाफेकपटूने वा थाळीफेकपटूने कोठे जावे? महाविद्यालयांनी आपली मैदाने सकाळ-संध्याकाळ माजी विद्यार्थ्यांना खुली ठेवावीत, जुन्या प्रशिक्षकाचे मार्गदर्शन त्यांना मिळू द्यावे आणि मालकांनी सरावासाठी तासाभराची सवलत द्यावी. यास मोठा निधी लागत नाही. पदक देऊन निरोप देणे सोपे आहे. पदकानंतर खेळाडूला खेळत ठेवणे, हेच क्रीडाप्रेमाचे खरे लक्षण होय.