चिपचा शिल्पकार मोठ्या कंपनीत कुठवर रमतो?

पुसदच्या बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालयात वा यवतमाळात इलेक्ट्रॉनिक्स शिकून एखाद्या बलाढ्य कंपनीत रुजू होऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने, १९५० साली पुण्यात जन्मलेल्या विनोद धाम यांचे चरित्र अवश्य अभ्यासावे, असे मला मनापासून वाटते. १९७९ मध्ये इंटेलमध्ये दाखल झालेले धाम तेथे सोळा वर्षे टिकले, ते माझ्या मते हुद्द्यामुळे वा वेतनामुळे नव्हे, तर प्रथम फ्लॅश मेमरी, मग ४८६ हा प्रोसेसर आणि अखेर १९९३ चा, एकतीस लाख ट्रान्झिस्टरांचा पेंटियम, अशी एकाहून एक दुर्घट कामे त्यांच्यापुढे येत राहिली म्हणून. बुद्धिमान आरेखकाला आराखड्याची मुखत्यारी आणि चुकण्याची मुभा देण्यात कंपनीने हात आखडता घेतला, की त्याचे चित्त अन्यत्र वळते. फेदेरिको फाजिन यांनीही इंटेलचा ४००४ हा मायक्रोप्रोसेसर घडवल्यानंतर १९७४ मध्ये ती कंपनी सोडून झायलॉग स्थापली, आणि तिचा झेड८० हा प्रोसेसर अजरामर झाला. धाम १९९५ मध्ये, कीर्ती शिखरावर असताना, नेक्सजेन या लहान कंपनीत गेले. ती एएमडी या चिप-कंपनीने विकत घेतली आणि तिच्याच आराखड्यातून १९९७ मध्ये पेंटियमचा प्रतिस्पर्धी के६ निघाला. एएमडीतही ते फार काळ राहिले नाहीत. पुढे त्यांनी सिलिकॉन स्पाइस या कंपनीची धुरा वाहिली, आणि २००० मध्ये तीही ब्रॉडकॉम या कंपनीने घेतली.