विंचवाचें बिऱ्हाड

विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, अशी आपल्यांत एक म्हण आहे. आणि ती बहुधा हिणवण्यासाठींच वापरली जाते. ज्यास घर ना दार, ज्याचा पाय एके ठिकाणीं ठरत नाहीं, त्यास ती लावावयाची. गेल्या मार्गशीर्षांत, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षीं, आम्हीं स्वतःच तें बिऱ्हाड पाठीवर घेतलें आणि ग्वाल्हेर, झांशी व काशी हीं तीन शहरें कोणाच्याही सोबतीवांचून अकरा दिवसांत पाहून आलों. गांवांतील लोकांनीं आमच्या बुद्धीविषयीं शंका घेतली. ती अगदींच अनाठायीं होती असें आम्हांस म्हणतां येत नाहीं.

या प्रवासाचें मूळ आमच्या नातीपाशीं आहे. मुलगी पदवीच्या शेवटच्या वर्षास आहे, इतिहास हा तिचा विषय. परीक्षा झाल्यावर पाठीवर एक सॅक टाकून उत्तरेकडील जुनीं शहरें एकटीनें पाहावयाचीं, असें तिनें श्रावणांत जाहीर केलें. आमचें घर अकरा माणसांचें. रात्रीं जेवणें उरकल्यावर सभा भरली. सूनबाई, म्हणजे मुलीची आई, हिचा विरोध सर्वांत कडक, चिरंजीव गप्प, धाकट्या बंधूंचें म्हणणें, मैत्रिणी असतील तर विचार करूं. शेवटीं आमचें मत विचारण्यांत आलें. आम्हीं 'नको' म्हणालों, आणि आमच्या 'नको'नंतर या घरांत पुढें बोलणें होत नाहीं. मुलगी रडली नाहीं कीं भांडली नाहीं. तिनें एवढेंच विचारलें, "आबा, तुम्ही कधीं एकटे कुठें गेला आहांत का?"

आम्हीं रात्रभर आठवून पाहिलें. पाठशाळेंत होतों तेव्हां गुरुबंधू बरोबर; मास्तरकी करीत होतों तेव्हां सहलीला चाळीस पोरें बरोबर; निवृत्तीनंतर चारधाम केला तो कुटुंबासह, एका प्रवासी मंडळाच्या बसमधून, गळ्यांत नांवाचा बिल्ला अडकवून. ज्या गोष्टीस आम्हीं नको म्हटलें तिचा आम्हांस काडीचाही अनुभव नव्हता. वर्गांत एखाद्या मुलानें न वाचलेल्या धड्यावर उत्तर ठोकून दिलें तर आम्ही त्यास बाकावर उभें करीत असूं.

तेव्हां तिचीच सॅक मागून घेतली. दोन धोतरांऐवजीं दोन पायजमे, एक घोंगडी, औषधांची डबी, आणि कुटुंबानें दिलेल्या दशम्या व मेतकूट. वजन साडेसहा किलो भरलें. पुण्याहून झेलम गाडीनें निघालों, तेव्हां स्थानकावर पोंचवावयास आठ माणसें आलीं होतीं. एकटा प्रवासी म्हणून हा आरंभ कांहीं फारसा शोभादायक नव्हता.

ग्वाल्हेरीस आम्हीं प्रथम पाहिलें तें आमच्या मनांत चाळीस वर्षें होतें. किल्ल्यावर पूर्वेकडून, गुजरी महालाच्या बाजूनें, पायीं चढत जाणारी वाट आहे. या वाटेवर, राजा मानसिंह तोमराच्या त्या निळ्या फरशांच्या राजवाड्यापर्यंत पोंचण्याच्या कितीतरी आधीं, एका अखंड खडकांत कोरलेलें चतुर्भुज विष्णूचें लहानसें देऊळ लागतें. बहुतेक लोक तें ओलांडून पुढें जातात. आंत भिंतीवर विक्रम संवत ९३३ चा, म्हणजे इसवी सन ८७६ चा, संस्कृत शिलालेख आहे. देवाच्या फुलबागेसाठीं दिलेल्या जमिनीची लांबी २७० हात, रुंदी १८७ हात, आणि त्या बागेंतून देवास रोज ५० माळा, असा त्यांतील व्यवहार. आकड्यांत लिहिलेले ते २७० आणि ५०, आणि त्यांतील तें पोकळ, इवलेंसें वर्तुळ! चौकीदारानें कुलूप काढून दिलें. आंत अंधार होता. मोबाइलचा दिवा धरून ओळीवरून ओळ फिरवीत गेलों आणि तें शून्य सांपडलें. आज आपण लिहितों त्याहून तें थोडें लहान, एवढाच काय तो फरक. गणित व संस्कृत हे दोन्ही विषय आम्हीं शिकविले, आणि ते दोन्ही एका दगडावर एकत्र पाहण्यास सदुसष्ट वर्षें लागावीं, याचें वाईट वाटलें.

येथें एक कबुली द्यावयाची आहे. 'जगांतील सर्वांत जुनें कोरलेलें शून्य ग्वाल्हेरीस आहे' असें आम्ही दरवर्षीं वर्गास सांगत आलों. तें बरोबर नाहीं. कंबोडियांत मेकाँग नदीकाठीं सांपडलेल्या एका शिलालेखांत शक ६०५, म्हणजे इसवी सन ६८३, ही सालगणना शून्यासह कोरलेली आहे. ती जवळजवळ दोनशें वर्षें आधींची. त्या लेखांतही कालगणना शककर्त्याचीच, तेव्हां विद्या कोठून कोठें गेली हा प्रश्न विद्वानांनीं सोडवावा. आमचें सांगणें मात्र चुकीचें होतें, आणि शेंकडों मुलें तें घेऊन जगांत गेलीं आहेत.

ग्वाल्हेर हें आमच्यासारख्यास परकें वाटतच नाहीं. बाजारांत उभें राहिलें कीं शिंदेशाही पगडीची आठवण होते. गल्ल्यांतून मराठी आडनांवांच्या पाट्या दिसतात. फुलबागेजवळ राणी लक्ष्मीबाईंची समाधि आहे. १८५८ च्या जूनमध्यें त्या येथें पडल्या. गौस महंमदाच्या जाळीदार कबरीशेजारीं तानसेन निजला आहे, आणि आपल्या महाराष्ट्रांत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनीं जी ख्यालगायकी आणून रुजविली तीही याच शहरांतली. मानमंदिर, सासबहूचें देऊळ, तेली मंदिर यांचें वर्णन कोणत्याही पुस्तकांत मिळेल. पश्चिमेच्या उरवाई दरवाजाकडील डोंगरांत कोरलेल्या प्रचंड जैन मूर्ति मात्र प्रत्यक्षच पाहाव्या. बाबरानें त्यांची मोडतोड करविली, तरी त्यांची शांति मोडली नाहीं.

याच उतारावर आमचा पाय घसरला. गुडघा फुटला, चष्मा लांब जाऊन पडला. सॅक पाठीवर असल्यामुळें डोकें वांचलें. भुईमुगाच्या शेंगा विकणाऱ्या एका गृहस्थानें धांवत येऊन पाणी दिलें, आमचाच रुमाल फाडून पट्टी बांधली, आणि पैसे देऊं केले तेव्हां "बाबूजी, मूंगफली ले लीजिए, उसीके दीजिए," असें म्हणून हिशेब मिटविला. रात्रीं अंगांत ताप भरला. खोलींतील तांब्या रिकामा, घसा कोरडा, आणि खालीं जाऊन पाणी आणण्याइतकी पायांत शक्ति नाहीं. घरीं आम्ही नुसतें खाकरलों तरी कोणीतरी पेला घेऊन येतें. त्या रात्रीं प्रथमच कळलें कीं तें पाणी आपोआप येत नसतें. घरून विचारणा आली तेव्हां 'प्रकृति उत्तम' असें मोबाइलवर लिहून पाठविलें.

दोन दिवसांनीं लंगडत झांशीस गेलों. वाटेंत सारखी आठवण होत होती ती वरसईच्या विष्णुभट गोडशांची. पेणजवळच्या त्या तिशींतल्या ब्राह्मणानें, डोक्यावरचें कर्ज फेडण्यासाठीं, बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञांत दक्षिणा मिळेल या आशेनें १८५७ सालीं उत्तरेची वाट धरली. दक्षिणा राहिली बाजूला, आणि तो सांपडला बंडाच्या वावटळींत. झांशीचा वेढा त्यानें शहराच्या आंत राहून पाहिला. वाटेंत अनेकदां नागविला गेला. आणि तरीही काशीच्या गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरीं परतला. त्याचें 'माझा प्रवास' हें पुस्तक चिंतामणराव वैद्यांनीं १९०७ त छापिलें. त्याच्याही बरोबर चुलता होता, हें मात्र आम्हीं नातीस मुद्दाम सांगितलें. तिनें उत्तर दिलें कीं चुलत्यामुळें लूट चुकली नाहीं.

किल्ल्याच्या तटावर उभे राहून खालचें शहर पाहिलें. शहर पडलें तेव्हां तेथील थोर ग्रंथसंग्रहही लुटींत गेला, पोथ्यांचीं पानें उधळलीं गेलीं, हें गोडशांनीं लिहून ठेवलें आहे. जन्मभर पोथ्या जपलेल्या माणसास माणसांच्या संहाराखालोखाल तेंच आठवतें. लक्ष्मीताल नांवाच्या तळ्याकांठीं गंगाधररावांची छत्री आहे. तेथें आम्ही तासभर बसलों, आणि त्या वेळांत दुसरें कोणीही आलें नाहीं. ओरछा तेथून जवळच. बेत्रवतीच्या कांठचें तें गांव सुंदर आहे, आणि तेथें रामास देव म्हणून नव्हे तर राजा म्हणून पोलिसांची मानवंदना मिळते. आमचा गुडघा त्या दिवशीं फार दुखत होता, म्हणून जहांगीर महालाच्या पायऱ्या खालूनच पाहिल्या.

काशींत आम्ही उतरलों तें धर्मशाळेंत नव्हे. नातीनें एका नव्या पद्धतीच्या निवासाचें नांव दिलें होतें, तेथें एका खोलींत गाडीच्या बर्थसारखे एकावर एक बिछाने असतात. आम्हांस खालचा मिळाला. वरचा एका फ्रेंच तरुणाचा. त्यास आम्हीं पहाटे आपलें स्तोत्रपठण ऐकविलें, त्याबद्दल त्यानें तक्रार केली नाहीं. स्त्रियांची खोली वेगळी होती. सामायिक स्वयंपाकघरांत चहा करीत असतां "आजोबा, साखर कमी टाका हं," असे मराठी शब्द कानीं आले. कोल्हापूरकडची मुलगी, पंचविशींतली, एका कचेरींत नोकरी करणारी. एकटीच. भोपाळ, सांची, खजुराहो करून आलेली.

आम्हीं मास्तरकीच्या संवयीनें तिची परीक्षाच घेतली. तिचे नियम ठरलेले होते. नव्या गांवीं उजेड असतांनाच पोंचावयाचें. रिक्षांत बसण्यापूर्वीं गाडीचा क्रमांक आईस पाठवावयाचा. वाट चुकली तरी रस्त्यांत उभें राहून नकाशा पाहावयाचा नाहीं, दुकानांत शिरून पाहावयाचा. आणि रोज रात्रीं नऊ वाजतां आईशीं बोलावयाचें. "सगळं सांगता?" आम्हीं विचारलें. ती म्हणाली, "सगळं. एकदां लपवलं कीं पुढच्या वेळीं जाऊं देणार नाहींत." आमचा गुडघा त्या वेळीं मेजाखालीं होता, हें बरें झालें.

तिनें दुसरीही एक गोष्ट सांगितली. वाटेंतील एका गांवीं दोन लॉजवाल्यांनीं, एकट्या मुलीस खोली देत नाहीं, असें सांगून तिला परत पाठविलें. तिसरीकडे जागा मिळेपर्यंत अंधार पडला. आम्ही ग्वाल्हेरींत रात्रीं नऊ वाजतां लॉजवर गेलों होतों. आम्हांस कोणीं एक प्रश्नही विचारला नाहीं. उलट खुर्ची पुढें केली. तेव्हां आम्हीं एकट्यानें प्रवास केला म्हणून तिच्या प्रवासाची परीक्षा झाली, असें समजण्याचें कारण नाहीं. त्या रात्रीं आम्हीं घरीं दूरध्वनि करून गुडघ्याची हकीकत सांगितली. कुटुंब जें बोललें तें येथें छापण्यासारखें नाहीं.

काशीचें वर्णन करावयास आम्ही धजत नाहीं. अहल्याबाईंनीं १७८० त उभारलेल्या विश्वेश्वराचें दर्शन घेतलें. २०२१ त मोकळें केलेलें भोंवतालचें विस्तीर्ण आवार पाहिलें, आणि ज्या गल्ल्या गेल्या त्यांच्याबद्दल हळहळ व जी मोकळी हवा आली तिच्याबद्दल समाधान, दोन्ही एकदम वाटलें. ब्रह्माघाट व दुर्गाघाट येथें जुनीं मराठी घरें अजून आहेत. सवाई जयसिंहाच्या मानमहालाच्या गच्चीवर दगडी सम्राट्-यंत्राची सावली सरकतांना पाहत एक सकाळ गेली. ती आम्हांस सर्व आरत्यांहून प्रिय वाटली. सारनाथास मात्र आम्ही शुक्रवारीं गेलों. स्तूप पाहिला, धम्मेखास प्रदक्षिणा घातली. पण ज्या सिंहांसाठीं गेलों ते वस्तुसंग्रहालयांत, आणि वस्तुसंग्रहालय शुक्रवारीं बंद! दुसऱ्या दिवशींची परतीची गाडी ठरलेली. चाळीस वर्षें मुलांस नाण्यावरचे सिंह दाखविणारा मास्तर कुलुपाचें दर्शन घेऊन परतला.

घरीं आल्यावर रात्रीं पुन्हां सभा भरली. आम्हीं आपलें मत मागें घेतों म्हणून सांगितलें, आणि पडलों, तापलों, खोटें बोललों हेंही सांगितलें. लॉजवाल्यांची हकीकतही गाळली नाहीं; ती ऐकतांना सूनबाईचा चेहरा पाहवेना. चिरंजीवांनीं कोल्हापूरच्या मुलीचे नियम कागदावर उतरवून घेतले. बंधू म्हणाले, मैत्रिणी असत्या तर बरें. सूनबाई कांहींच बोलली नाहीं. उठून मागचें आवरूं लागली.

यास आतां तीन आठवडे झाले. नातीच्या परीक्षा चैत्रांत आहेत. आम्हीं तिला शहरांची यादी करून दिली असून तिच्या माथ्यावर 'शुक्रवारीं सारनाथ नको' असें लाल शाईनें लिहिलें आहे. सॅक धुवून गच्चींत वाळत घातली होती. आमच्या पडण्यानें तिचा एक पट्टा उसवला होता. काल पाहतों तों सूनबाईनें तो दुहेरी दोऱ्यानें शिवून ठेवला आहे.