लाखेच्या जुन्या तबकडीचे मोल

ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायस्बर्ग यांनी १९०२ साली कोलकात्यात गौहरजान यांचे गायन मुद्रित केले, आणि त्यानंतरच्या अनेक दशकांत निघालेल्या लाखेच्या तबकड्यांपैकी बालगंधर्वांची नाट्यपदे किंवा अब्दुल करीम खाँ यांचे राग आजही मुंबईच्या चोर बाजारात वा संग्राहकांकडे हाती लागतात. मिनिटाला सुमारे ७८ फेरे घेणाऱ्या या तबकड्यांची किंमत विक्रेते बहुधा दुर्मिळतेच्या आधारे सांगत असले, तरी ऐकणाऱ्याच्या दृष्टीने त्यांचे मोल खाचांच्या स्थितीवर आणि त्या खाचांतला आवाज अन्यत्र उपलब्ध आहे की नाही यावर ठरते.

तबकडी प्रकाशात तिरपी धरली असता खाचा काळ्याभोर व चकचकीत दिसाव्यात. राखाडी छटा हे झिजेचे लक्षण होय. लाखेत मिसळलेल्या कठीण भुकटीमुळे ग्रामोफोनची पोलादी सुई वाजता वाजताच घासली जाई, म्हणून दर बाजूला नवी सुई लावण्याचा दंडक होता. काटकसरीने तीच सुई पुन्हा वापरली की तिच्या धारदार कडा खाचा कायमच्या कुरतडत, आणि ही हानी कोणत्याही धुण्याने भरून येत नाही. धूळ व बुरशी मात्र निघते, परंतु त्यासाठी स्पिरिट कधीही वापरू नये, कारण लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. केसासारखा बारीक तडा गेला असल्यास वाजवताना प्रत्येक फेऱ्याला टक् असा आवाज येतो.

दुकानात ऐकून निर्णय घेतानाही सावध राहिले पाहिजे. या रुंद खाचांना इंचाच्या सुमारे तीन हजारांश जाडीचे टोक लागते; त्यांत एलपीसाठीची बारीक सुई फिरवल्यास ती तळाशी घसरत खरखर वाढवते आणि चांगली तबकडीही नाहक टाकाऊ ठरते.

लेबलाभोवतीच्या कोऱ्या पट्ट्यात कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे त्या विशिष्ट मुद्रणाची ओळखखूण, अवश्य टिपून घ्यावा, कारण एकच मुद्रण पुढे निराळ्या लेबलाखाली विकले गेल्याचेही आढळते. तेच मुद्रण पुढे एलपीवर किंवा सीडीवर स्वच्छ स्वरूपात आले असेल, तर झिजलेल्या प्रतीसाठी मोठी रक्कम मोजण्यात अर्थ नाही. ते पुन्हा कधीच निघाले नसेल, तर मात्र संग्राहकांच्या प्रतवारीत तळाला असणारी, खरखरणारी प्रतही घेण्याजोगी असते आणि घेतल्यावर तिची डिजिटल नक्कल प्रथम करून ठेवणे अगत्याचे असते.