साठीनंतरचा नट: चीफ डॅन जॉर्ज

जन्म १८९९, व्हँकूव्हरजवळच्या त्स्लेल-वाटुथ या आदिवासी समाजात. लहानपणीच निवासी शाळेत धाडलं. तिथे मातृभाषा बोलायला बंदी, नावही बदललेलं. पुढे अनेक वर्षं बंदरावर जहाजांतून मालाची चढ-उतार केली. अपघातात जबर जखमी झाल्यावर ते काम सुटलं. काही काळ शाळेची बसही चालवली. १९५१ ते १९६३ ते आपल्या समाजाचे प्रमुख होते.

कॅमेऱ्यासमोर आले ते साठीला टेकल्यावर, कॅनडाच्या सीबीसी वाहिनीवरच्या ‘कॅरिबू कंट्री’ मालिकेत. आणि मग ‘लिटल बिग मॅन’ (१९७०) हा चित्रपट. त्यात त्यांनी साकारलेला शायेन जमातीचा म्हातारा मरायचं ठरवून टेकडीवर आडवा होतो. तोंडावर पावसाचे थेंब पडतात, तो डोळे उघडतो, उठतो आणि घराकडे चालू लागतो. एवढा प्रसंग जरूर पाहावा. गोऱ्या नटांना रंग फासून आदिवासी उभे करणाऱ्या हॉलिवूडमध्ये हा माणूस खरा होता. सहायक अभिनेत्याचं ऑस्कर नामांकन त्यांना मिळालं.

आदिवासींना हिणवणाऱ्या भूमिका ते नाकारत. ‘द आउटलॉ जोसी वेल्स’मध्ये (१९७६) ते क्लिंट ईस्टवुडसोबत दिसले. निधन २३ सप्टेंबर १९८१.