कार्टूनच्या चित्रावरची सही : घरची किंमत आणि बाजारची किंमत

मिकी माऊस, टॉम अँड जेरी ही नावे आपल्याकडील मुलांच्या तोंडी असतात. ही चित्रे पडद्यावर पळावीत म्हणून ज्या प्लॅस्टिकवर ती हाताने रंगविली गेली, त्या प्लॅस्टिकच्या तुकड्यांचा अमेरिकेत एक बाजार आहे. त्या तुकड्यावर चित्रकाराची सही असेल तर भाव आणखी चढा सांगितला जातो. हा धंदा आपल्या पेठेतला नव्हे. तरीही परदेशातील एखादा नातेवाईक अशी वस्तू भेट पाठवितो, किंवा घरातील तरुण मुलगा इंटरनेटवरील लिलावात 'गुंतवणूक' म्हणून पैसे घालू पाहतो, तेव्हा वडीलधाऱ्यांना सल्ला विचारला जातो. म्हणून ही माहिती देत आहोत.

संगणक येण्यापूर्वी कार्टूनपट कसा बनत असे, हे आधी पाहू. चित्रकार कागदावर पेन्सिलीने हालचालीचा एकेक टप्पा काढी. त्या कागदावर पारदर्शक प्लॅस्टिक ठेवून एक कारागीर बाहेरच्या रेषा शाईने उतरवी आणि दुसरा तेच प्लॅस्टिक उलटे करून मागच्या बाजूने रंग भरी. रेषा पुढून, रंग मागून. काचेवर उलट्या बाजूने चित्र रंगविणाऱ्या आपल्याकडील कारागिरांना ही रीत समजावून सांगण्याची गरज नाही. रंगविलेले प्लॅस्टिक देखाव्याच्या चित्रावर ठेवून त्याचा फोटो घेत. पडद्यावर सेकंदाला असे २४ फोटो सरकतात. एक चित्र दोनदा वापरले तरी सेकंदाला १२ चित्रे लागत. म्हणजे सात मिनिटांच्या कार्टूनमध्ये एकच पात्र सतत हलत राहिले, तर त्याची ५,०४० चित्रे झाली! रेषा आणि रंगाचे हे काम डिस्नेच्या कारखान्यात बहुतांशी स्त्रिया करीत. त्यांची नावे त्या तुकड्यांवर नसतात, हे लक्षात ठेवावे; पुढे त्याचा संबंध येणार आहे.

या तुकड्याला धंद्यात 'सेल' म्हणतात. सेल्युलॉइड या शब्दाचे ते लघुरूप आहे; विक्रीच्या 'सेल'शी त्याचा संबंध नाही. हे तंत्र मुंबईतही आले होते. डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स १९५६ साली फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागातील मंडळींना शिकविण्यासाठी येथे आले, आणि १९५७ साली 'द बनियन डिअर' हा लघुपट तयार झाला.

त्या काळी फोटो घेऊन झाला की सेलचे काम संपे. कित्येकदा रंग धुऊन तेच प्लॅस्टिक पुन्हा वापरीत. उरलेला माल अडगळीत जाई किंवा फेकला जाई. १९३७ साली 'स्नो व्हाइट' चित्रपट आला. त्यानंतर १९३८ पासून सॅन फ्रान्सिस्कोच्या कूर्व्हाझिए गॅलरीने डिस्नेचे सेल कलावस्तू म्हणून विकावयास सुरुवात केली. १९५५ साली डिस्नेलँड सुरू झाल्यावर तेथील दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांना सेल अगदी थोड्या डॉलरांत मिळत. खेळणे घ्यावे तसे लोक ते घेत.

खरी तेजी आली ती १९८० च्या दशकात. १९८४ साली न्यूयॉर्कमध्ये क्रिस्टीज या लिलावघराने डिस्नेच्या चित्रांचा लिलाव केला आणि जुन्या मालाकडे लोकांचे लक्ष गेले. १९८९ साली क्रिस्टीजच्याच लिलावात १९३४ सालच्या 'ऑर्फन्स बेनिफिट' या कार्टूनमधील एका काळ्या-पांढऱ्या सेलला २ लाख ८६ हजार डॉलर आले. मग काय! ज्याच्या त्याच्या तोंडी हाच आकडा. गॅलऱ्या निघाल्या, स्टुडिओंनी स्वतःची दुकाने थाटली. त्यातच १९८९ चा 'द लिटल मर्मेड' हा हाताने रंगविलेल्या सेलवर बनलेला डिस्नेचा शेवटचा मोठा चित्रपट ठरला आणि पुढचे काम संगणकाने होऊ लागले. दुकानदारांना आयते वाक्य मिळाले : "हा माल आता पुन्हा बनणार नाही, म्हणजे भाव वाढणारच."

व्यापारी माणसाने या वाक्यापाशी थांबावे. माल बनणे बंद झाल्याने भाव वाढत नाही. मागणारा शिल्लक असेल तर वाढतो. शिवाय माल बनणे खरोखर बंदही झाले नव्हते. १९९१ चा 'ब्यूटी अँड द बीस्ट' संगणकावर रंगविला होता, म्हणजे त्याचे सेल नव्हतेच. तरी १९९२ साली त्याचे सेल लिलावात आले; ते खास विक्रीसाठी रंगवून घेतलेले होते. यात लबाडी नव्हती, कारण तसे सांगूनच ते विकले गेले. परंतु घेणाऱ्याने फरक जाणला पाहिजे. १९९० चे दशक संपता संपता ही तेजी ओसरली आणि ज्यांनी चढ्या भावात घेतले त्यांच्या भिंतीवर माल तसाच राहिला.

आता मालाच्या जाती. चित्रपटासाठी प्रत्यक्ष कॅमेऱ्याखाली गेलेला सेल हा अस्सल. त्याच प्रसंगाचा मूळ देखावा सोबत असेल तर सोन्याहून पिवळे. दुसरी जात 'मर्यादित आवृत्ती'ची : हाताने रंगविलेले, पण चित्रपटात कधीच न वापरलेले; ५०० किंवा ७५० नग काढून प्रत्येकावर क्रमांक घातलेले. तिसरी जात 'सेरिसेल', म्हणजे प्लॅस्टिकवरचे स्क्रीन प्रिंटिंग. लग्नपत्रिका आणि स्टिकर छापणारे आमचे वाचक हे काम रोज करतात. पहिली प्रत महाग पडते, मग हजार प्रती काढावयास फारसे काही लागत नाही. सेरिसेल देखणा असतो, मुलाच्या खोलीत शोभतो. पण त्याला अस्सल सेलच्या रांगेत बसवून भाव सांगणारा दुकानदार भेटला तर आपण दुसऱ्या दुकानात जावे. अस्सल सेलमध्येही पात्र पूर्ण दिसते की पाठमोरे आहे, डोळे उघडे आहेत की मिटलेले, प्रसंग प्रसिद्ध आहे की भरतीचा, यावर किंमत हलते. १९६१ च्या '१०१ डाल्मेशियन्स'पासून डिस्नेने रेषा हाताने न काढता झेरॉक्सच्या तंत्राने प्लॅस्टिकवर उतरविल्या. त्याआधीच्या हातरेषेच्या मालाला जाणकार अधिक मान देतात.

सहीचा मुद्दा यानंतर येतो, आधी नाही. बहुतेक नवखे लोक सहीपासून सुरुवात करतात आणि फसतात. सही कोणाची, हे पाहण्याबरोबरच सही करणाऱ्याचा त्या तुकड्याशी काय संबंध, हे विचारावे लागते. फ्रँक थॉमस, ऑली जॉन्स्टन, मार्क डेव्हिस हे डिस्नेचे नामांकित चित्रकार. यांपैकी एखाद्याने जे पात्र स्वतः चालते-बोलते केले, त्याच पात्राच्या सेलवर त्याची सही असेल तर तिला वजन आहे. त्यानेच भलत्या पात्राच्या सेलवर सही केली असेल तर ती आठवण आहे, त्याहून फारसे काही नाही. आवाज देणारे कलाकारही सह्या करतात. खुद्द वॉल्ट डिस्ने यांनी हे सेल रंगविलेले नाहीत, तरी त्यांच्या खऱ्या सहीला मोठी किंमत आहे. मात्र त्यांच्या हयातीतच त्यांच्या नावाने सह्या करण्याचे काम स्टुडिओतील काही चित्रकारांकडे असे. हँक पोर्टर यांचे नाव त्यात घेतले जाते. म्हणजे जुना कागद, खरे पाकीट, स्टुडिओतून आलेली वस्तू, सारे अस्सल आणि सही मात्र दुसऱ्याची, असे होऊ शकते. १५ डिसेंबर १९६६ रोजी डिस्ने वारले. नंतरच्या मालावर त्यांची सही असणे शक्यच नाही, हे तरी कोणालाही तपासता येते.

याउलट चक जोन्स, विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी उतारवयात मर्यादित आवृत्त्यांच्या सेलवर पुष्कळ सह्या केल्या. जोन्स यांच्या कन्येची तर या मालाची स्वतंत्र कंपनीच होती. सह्या खऱ्या, माल खरा. पण आवृत्तीतल्या प्रत्येक नगावर सही असेल तर त्या सहीने आपला नग शेजारच्या नगाहून वरचढ कसा होणार? सहीची किंमत विकत घेतानाच भावात धरलेली असते, आणि विकताना समोरचा तेवढी धरीत नाही. सहीबरोबर चित्रकाराने पेन्सिलीने पात्राचे छोटे चित्र काढून दिले असेल तर गोष्ट वेगळी. ते काम त्याच्या हातचे, एकुलते एक.

घरची किंमत आणि बाजारची किंमत यांची फारकत सर्वांत स्पष्ट दिसते ती नावानिशी केलेल्या सहीत. 'अमक्याला प्रेमपूर्वक' असे लिहून चित्रकाराने सही दिली, तर ज्याचे नाव आहे त्याला ती वस्तू लाखमोलाची. रांगेत उभे राहून घेतलेली, दोन शब्द बोलून घेतलेली. परक्या गिऱ्हाइकाला मात्र ते नाव खुपते. त्याला दुसऱ्याच्या नावाचा माल भिंतीवर नको असतो, आणि तो भाव पाडून मागतो. ज्याच्या नावे सही आहे तो स्वतः प्रसिद्ध असला तर उलट घडते. एक बारकावा असा की नावानिशी सही जाणकाराला थोडी अधिक विश्वासाची वाटते, कारण खोट्या सह्या करणारा नुसती सही करतो. नाव घातले तर गिऱ्हाइके कमी होतात, हे त्यालाही कळते. आमच्या मते, जपण्यासाठी घेत असाल तर नाव अवश्य घालून घ्यावे. पुढे विकण्याचा विचार मनात असेल तर घालू नये.

खोट्या सह्यांचा धंदा लहान नाही. अमेरिकेच्या एफबीआयने १९९० च्या दशकात 'ऑपरेशन बुलपेन' नावाने तपास करून खेळाडूंच्या खोट्या सह्या बनविणारी टोळी पकडली. त्या मालाबरोबर खरेपणाचे दाखलेही दिले जात होते! म्हणून दाखला कोण देतो आणि तो कशाबद्दल आहे, हे वाचावे. स्टुडिओचा शिक्का किंवा दाखला सेल अस्सल असल्याचे सांगतो. त्यावर नंतर कोणी केलेल्या सहीबद्दल तो काहीच सांगत नाही. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि विकणारा ते एकत्र मिसळतो. सही तपासणाऱ्या खासगी कंपन्या मत देतात, आणि मत म्हणजे साक्ष नव्हे. सही होत असतानाचा फोटो, त्या दिवसाची पावती, गॅलरीचे पत्र हे पुरावे सर्वांत बरे.

हिशेब मांडून पाहू. समजा, ५०० नगांच्या आवृत्तीतला सहीचा सेल कोणी गॅलरीतून १,००० डॉलरला घेतला. काही वर्षांनी लिलावात त्यावर ४०० डॉलरची बोली लागली. लिलावघर घेणाऱ्याकडून वर बहुधा २० ते २५ टक्के घेते; २५ धरले तर त्याला तो ५०० ला पडला. विकणाऱ्याकडून १५ टक्के दलाली धरली तर त्याच्या हाती आले ३४०. मधले १६० डॉलर लिलावघराचे. पोस्ट, विमा, फ्रेम वेगळे, आणि माल भारतात आणावयाचा असेल तर आयातशुल्कही. बोली १,००० ची लागली असती तरी त्याच्या हाती ८५० च आले असते. म्हणजे नुसते मुद्दल सुटण्यासाठी बोली १,१७६ च्या वर जावी लागते. जे ६६० डॉलर या सौद्यात गेले, ते भिंतीवर चित्र पाहण्याच्या आनंदाचे भाडे समजावे. ते भाडे ज्याला परवडते आणि आवडते त्याने खुशाल घ्यावे. मुलीच्या शिक्षणाचे पैसे मात्र यात घालू नयेत.

ज्यांच्या घरी अशी वस्तू आधीच आहे त्यांच्यासाठी जपणुकीचे थोडे. सर्वांत जुने सेल नायट्रेटचे असतात. ते चटकन पेट घेतात. नंतरचे ॲसिटेटचे. ॲसिटेट कुजू लागले की व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, प्लॅस्टिक आक्रसते आणि मागचा रंग सुटतो. असा एक सेल बाकीच्यांनाही बिघडवितो, म्हणून त्याला वेगळे ठेवावे. ऊन आणि उष्णता वर्ज्य. उन्हात सहीची शाई उडते. फ्रेम करताना काच चित्राला टेकता कामा नये, आणि सही पुठ्ठ्याच्या चौकटीवर असेल तर 'चौकट जुनी झाली' म्हणून फ्रेमवाल्याने ती फेकू नये, असे त्याला आधीच बजावावे. पुष्कळदा सारी किंमत त्या पुठ्ठ्यातच असते. सुटलेला रंग घरी चिकटवू नये. जाणकाराकडून दुरुस्ती करून घेतली तर विकताना ती सांगावी लागते.

फ्रेमच्या मागे एक पाकीट ठेवावे. त्यात वस्तू कोणती, कोणाकडून, कितीला, कोणत्या साली घेतली, सही कोणाची आणि कशी मिळाली, पावती व फोटो, एवढे असावे. मालक गेल्यानंतर मुलांना ती वस्तू वाटून घ्यावयाची असते, आणि त्या वेळी कोणाला ती वडिलांची आठवण म्हणून हवी असते, कोणाला तिचे पैसे. कागद असेल तर भाव ठरविता येतो आणि ज्याला ठेवावयाची आहे तो बाकीच्यांचा हिस्सा रोखीने देऊ शकतो.